ईशूचे तापातले झटके आणि माझा जळफळाट

आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही शिकवता, तुम्हाला लिहिता येतं. जे झालं ते लिहून काढा. माझ्याकडं येणाऱ्या बाकीच्या आयांना वाचायला देईन." मी लिहिलं. एक पानभर, अगदी शहाण्यासारखं. मग ते मीनाताईंना वाचून दाखवलं. मीनाताई माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या भाजी निवडत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "हे तं तू फळ्यावर लिवल्यावाणी लिवलं, प्रीती. खरं कुठं लिवलं?"

"खरं लिहिलं तर तुमचंही नाव येईल."

"येऊ दे ना. मी का भितो?"

म्हणून हे दुसऱ्यांदा लिहिते आहे, त्यांना विचारून. तापात मुलाला झटके आले की आईला किती भीती वाटते हे तुम्हाला कोणीही सांगेल. त्या भीतीसोबत माझ्या मनात आणखी एक गोष्ट शिरली होती, ती कोणी सांगत नाही. मी जळत होते. आणि त्या जळण्यापायी माझ्या मुलीच्या जिवावर बेतलं असतं.

तो रविवार

आम्ही सावरगावात राहतो, म्हणजे पांढुर्ण्यातच, फक्त जाम नदीच्या पलीकडं. घरात सासूबाई, भासरे म्हणजे माझे थोरले दीर आणि मीनाताई, त्यांचा तेव्हा पाच वर्षांचा असलेला शौर्य, माझा नवरा अमोल, मी आणि आमची ईश्वरी, म्हणजे ईशू. मी जवळच्या एका गावात सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. ईशू सात महिन्यांची झाली तेव्हा माझी रजा संपली आणि दिवसभर ती मीनाताईंकडं राहू लागली. मला ती मम्मी म्हणते आणि मीनाताईंना मोठी आई. आमच्याकडं मोठ्या काकूला असंच म्हणतात. त्या रविवारपर्यंत हा शब्द मला कधी टोचला नव्हता.

ईशू तेव्हा एक वर्ष आठ महिन्यांची होती. सकाळपासून अंग गरम होतं. मी तापाचं औषध पाजलं, तिला पलंगावर निजवलं आणि शेजारी बसून शाळेच्या कॉप्या तपासत होते. दुपारचे साडेबारा झाले असतील. तिचा हात माझ्या मांडीला लागला, पुन्हा लागला, पुन्हा. मी पाहिलं तर तिचे डोळे वर गेले होते, दातखीळ बसली होती, दोन्ही हातपाय झटके देत होते. ओठांचा रंग बदलला होता.

मी तिला उचललं नाही. हे मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा गाळलं होतं. मी तिला पलंगावर तशीच टाकून अंगणात पळाले आणि ओरडत सुटले, "पोरगी गेली! माझी पोरगी गेली!"

मीनाताई स्वयंपाकघरातून आल्या. कणीक मळत होत्या, तशाच हातांनी. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. ईशूला एका कुशीवर वळवलं, उशी काढून फेकली, फ्रॉकचं गळ्याजवळचं बटण सोडलं आणि मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सासूबाई चमचा घेऊन धावल्या, दात उघडायला. मीनाताईंनी कोपरानं त्यांना बाजूला सारलं.

"तोंडात काई नका घालू. काईच नाई. पकडू बी नका. होऊ द्या."

मी दाराची चौकट धरून उभी होते. ईशूच्या गालावर कणकेची बोटं उमटली होती, एवढंच मला दिसत होतं. मग एकदम सगळं थांबलं आणि ती लुळी पडली, घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली. मीनाताई म्हणाल्या, "अडीच मिनिटं. चला दवाखान्यात."

भासऱ्यांनी गाडी काढली. ईशू मीनाताईंच्या मांडीवर होती, कारण उचललं त्यांनी होतं. पुलावरून जाताना मी शेजारी बसून तिचा एक पाय धरून होते. माझ्या वाट्याला तेवढाच आला होता.

"तुम्ही आई का?"

डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ चाललं? मीनाताईंनी सांगितलं, अडीच मिनिटं. एका बाजूचे हातपाय की दोन्ही? दोन्ही. आधी ताप किती होता? हे मला ठाऊक असायला हवं होतं. तेही त्यांनीच सांगितलं. सकाळी त्यांनीही हात लावून पाहिला होता म्हणे, थर्मामीटरही लावला होता. मी आंघोळीला गेले असताना.

डॉक्टर त्यांच्याकडं पाहून म्हणाले, "तुम्ही आई का? फार बढिया सांभाळलं."

मीनाताई लगेच बोलल्या नाहीत. एक क्षण गेला, कदाचित दोन. मी मोजले नाहीत, पण मला ते आजही आठवतात. मग त्या म्हणाल्या, "नाई. आई हे हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं वळून सहजच विचारलं, "तुम्ही कुठं होत्या, मॅडम?"

"तिथंच होते," मी म्हटलं.

मीनाताईंना हे सगळं कसं ठाऊक होतं, ते घरी कोणाला नवीन नव्हतं. त्यांचं माहेर मोहगावचं. त्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी असेच तापात झटके यायचे. तेव्हा त्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या, आईवडील शेतात, भाऊ यांच्याजवळ. तिथल्या एका नर्सबाईंनी त्यांना शिकवलं होतं. तो भाऊ आता ट्रॅक्टर चालवतो, दोन मुलांचा बाप आहे. त्यामुळं मीनाताईंना त्या झटक्यात मरण दिसलं नाही. मला दिसलं. आज हा फरक समजतो. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळलं की माझ्या मुलीला दुसऱ्या बाईनं वाचवलं आणि मी अंगणात होते.

दोन दिवस भर्ती

डॉक्टरांनी समजावलं की हा तापातला झटका आहे, मिरगी नाही. मेंदूला इजा झालेली नाही. लहान मुलांत हे होतं आणि पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं. तापाचं औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, पण त्यानं झटका टळेलच असं नाही, म्हणून झटका आला तर स्वतःला दोष द्यायचा नाही. हे सगळं ते बोलले. मी ऐकलं फक्त एक वाक्य, "पुन्हा येऊ शकतो."

वॉर्डात सकाळी सहालाच सिस्टर थर्मामीटर घेऊन यायची. मग औषध, मग डॉक्टरांचा राउंड, मग पुन्हा थर्मामीटर. ईशूच्या हाताला सलाइनची सुई आणि खाली पुठ्ठ्याची पट्टी बांधली होती. तो हात ती सारखा स्वतःच्या डोक्यावर आपटायची आणि आपल्यालाच कोणी मारल्यासारखी माझ्याकडं पाहायची.

बाजूच्या पलंगावर एका बाईचा मुलगा होता, त्याला हगवण लागली होती. ती दिवसभर रडगाणं गात होती, "किती तं हाल माझ्या पोराचे." मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, नुसती हगवण! बाई, तुझं पोर तुझ्याकडं पाहत तरी होतं ना? मी एका हगवणीवर जळत होते, इतपत माझी अवस्था झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईशू नीट जागी झाली. मी खिचडीचा घास तिच्या तोंडाजवळ नेला. तिनं तोंड फिरवलं आणि पहिला शब्द बोलली, "मोठी आई?"

चार वाजता मीनाताई डबा घेऊन आल्या. त्यांना पाहून ईशूनं पुठ्ठा बांधलेला हात पुढं केला. मीनाताईंनी एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती. मी उठून डबा हातात घेतला आणि म्हटलं, "ताई, तुम्ही जा आता. शौर्य वाट पाहत असेल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. काढलेली चप्पल पुन्हा घातली आणि गेल्या. ईशू रडत राहिली. मी तिला पोटाशी घट्ट धरून ठेवलं आणि मला कुठंतरी बरं वाटलं, हेही खरं.

त्या दोन दिवसांतली एक चांगली गोष्ट सांगते. सुट्टी देताना सुई काढायला आलेल्या सिस्टरनं आधी चिकटपट्टी ओल्या कापसानं भिजवली, पाच मिनिटं बसून राहिली, मग हळूहळू सोडवली, कातडी ओढली जाऊ नये म्हणून. बसल्या बसल्या मला म्हणाली, "पहिल्या वेळी सारेच पळते, मॅडम. मी बी पळली होती. माझ्या पोराच्या वेळी." त्या बाईचं नावही मला ठाऊक नाही.

फळीवरचा डबा

घरी आल्यावर माझा हात ईशूच्या कपाळावरून हटेना. झोपेत हात लावायचा, जेवताना हात लावायचा. ती वैतागून माझा हात ढकलायची. शाळेत फोन वाजला की फळ्यावरचं वाक्य अर्धं टाकून मी धावायची. शेवटी मी रजा घेतली.

डॉक्टरांनी नाकात मारायचा एक स्प्रे दिला होता. झटका पाच मिनिटांच्या वर गेला तरच वापरायचा. दवाखान्यात त्यांनी तो कसा मारायचा ते आम्हा दोघींना दाखवलं होतं. मीनाताईंनी घरी आल्या आल्या तो एका छोट्या स्टीलच्या डब्यात ठेवला, डब्यावर कागद चिकटवला आणि लाल पेनानं लिहिलं, 'ईशू. पाच मिनिटं झाले तं.' डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवला. मला म्हणाल्या, "एकदा तू बी हातात धरून पाय. झाकण काढून, असं. घाईत सुचत नाई."

"आलं लक्षात," मी म्हटलं. काहीही लक्षात आलं नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं.

ईशूला बघायला शेजारच्या बाया यायच्या आणि सासूबाई प्रत्येकीला सांगायच्या, "मोठीनं सांभाळलं बाप्पा. हे तं अंगणात पळाली." त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, जे झालं तेच त्या सांगत होत्या. पण तीच गोष्ट मी दिवसातून तीनदा चहा गाळता गाळता ऐकत होते. जामसांवलीला हनुमानजींच्या दर्शनाला गेलो, तिथंही रांगेत भेटलेल्या ओळखीच्या बाईला तेच. आणि ईशू तेव्हा मीनाताईंच्याच कडेवर.

अमोलशी भांडण झालं ते त्या संध्याकाळी.

"तुले वहिनीचा राग कावून येऊन राहिला? तिनं पोरगी वाचवली ना."

"हो, तिनं वाचवली. आणि मी काय केलं तेही बोला ना. सगळे बोलतात, तुम्हीच का मागं?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"म्हटलं नाही, पण मनात आहे."

तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मी मला हवा तोच लावला.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. महिनाभरानं शौर्यला ताप आला, चांगला एकशेदोन. मीनाताईंनी औषध पाजलं आणि कामाला लागल्या. तो पोरगा तापातच बॅट घेऊन अंगणात धावत होता. मी ओट्यावर बसून त्याच्याकडं पाहत होते. पाहता पाहता माझ्या मनात आलं, यालाही एकदा यावा. एकदाच. मग कळेल. लगेच मी उठून आत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. पण ते मनात आलं होतं. पाच वर्षांचा पोरगा, जो मला काकी काकी करत मागं फिरतो.

त्यानंतर मला त्या घरात श्वास घेता येईना. ईशू दिवसातून दहादा स्वयंपाकघराच्या दारात जायची आणि मी दहादा तिला उचलून आणायची. मे महिन्यात मी जाहीर केलं, पंधरा दिवस सौंसरला, माझ्या आईकडं जाते.

निघायच्या दिवशी मीनाताई एका लग्नात हळदीला गेल्या होत्या. मी पाण्याची बाटली भरायला स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरचा डबा दिसला. हात वर केला असता तर मिळाला असता. त्यांचं लाल अक्षर दिसत होतं. मला वाटलं, हा नेला की तिथंही ईशूचं दुखणं यांचंच राहील. सौंसरला नवीन घेईन, माझा मी. मी बाटली भरली आणि निघाले. सौंसरला गेल्यावर नवीन घेतला नाही. पहिले पाच दिवस ईशू इतकी हसत-खेळत होती आणि दिवसभर मम्मी मम्मी करत होती की मला औषधाची आठवणही नको होती.

सौंसर

सहाव्या दिवशी तिचा घसा धरला. सकाळपासून ताप. दुपारी चारच्या सुमारास ती ओसरीतल्या खाटेवर पडली होती, माझी आई शेजारी बसून कैऱ्या चिरत होती आणि समोरच्या काकू गप्पा मारायला आल्या होत्या. ईशूचं अंग एकदम ताठलं.

या वेळी मी पळाले नाही. कसं ते मला सांगता येणार नाही. मी तिला कुशीवर वळवलं, खाटेवरची सुरी दूर सरकवली, मोबाइलवर वेळ पाहिली. चार वाजून सात मिनिटं. आई कांदा फोडून आणायला धावली, नाकाला लावायला. काकू म्हणाल्या, "चप्पल हुंगवा, चप्पल! दातात काईतरी द्या, जीभ तुटन!"

"कोणी तिच्या तोंडाजवळ यायचं नाही!" मी इतक्या जोरानं ओरडले की माझी आई कांदा हातात घेऊन जागच्या जागी थांबली.

एक मिनिट. दोन. अडीच मिनिटाला थांबेल अशी माझी खात्री होती, कारण मागच्या वेळी थांबलं होतं. तीन झाली. चार. ईशूच्या तोंडातून फेस येत होता, मी पदरानं पुसत होते. पाच मिनिटं झाली आणि माझ्या डोळ्यांसमोर ते लाल अक्षर आलं. डबा सावरगावच्या फळीवर होता. मध्ये तासाभराचा रस्ता होता.

"काकू, गाडी!"

काकूंच्या घरची गाडी दारातच होती. काकांनी काढली. मी ईशूला मांडीवर कुशीला धरून मागं बसले. सरकारी दवाखाना फार दूर नाही, पण त्या दिवशी बाजाराची गर्दी होती. सहा. सात. मी मोठ्यानं मिनिटं मोजत होते आणि काका हॉर्न देत होते. दवाखान्यात सिस्टरनं तिला माझ्या हातातून घेतलं आणि औषध दिलं. नवव्या मिनिटाला झटका थांबला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, किती वेळ, कुठून सुरू झालं, दोन्ही बाजू का, आधी कधी. सगळं मीच सांगितलं. एकही उत्तर अडलं नाही. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या वेळी घरी ठेवायला स्प्रे दिला नव्हता?"

"दिला होता."

"मग?"

"सोबत आणला नाही."

त्या कागदावर लिहीत राहिल्या.

बाहेर येऊन मी फोन लावला. अमोलला लावायला हवा होता. मी मीनाताईंना लावला.

"ताई, ईशूला पुन्हा झटका आला. आता थांबला. श्वास ठीक आहे."

"किती मिनिटं?"

"नऊ."

"डबा?"

"तुमच्या फळीवर आहे. मी मुद्दाम आणला नाही, ताई."

"येतो मी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाकावर

भासरे, अमोल आणि मीनाताई दीड तासानं आले. तोवर ईशू गाढ झोपली होती. अमोल तिच्याजवळ बसला. मीनाताईंनी तिच्या पायाच्या तळव्याला हात लावला, छातीकडं पाहिलं, मग मला म्हणाल्या, "चाल बाहेर."

वॉर्डाबाहेर एक बाक होता. मला वाटलं, आता बोलतील. त्या नुसत्या बसल्या. मग मीच बोलले. सगळं. चप्पल पुन्हा घालायला लावली ते का, डबा का ठेवला, आणि शौर्यला ताप होता तेव्हा ओट्यावर बसून मनात काय आलं, तेही. ते सांगायची गरज नव्हती. पण एवढं सांगितल्यावर तेवढंच लपवणं जमेना.

मीनाताईंचा चेहरा आवळला.

"शौर्यचं थे बरं नाई केलं तू," त्या म्हणाल्या.

"नाही केलं."

"मले राग आला हाय. राहीन काही दिवस."

"राहू द्या."

मग त्यांनी पदर नीट केला आणि माझ्याकडं न पाहता बोलू लागल्या. "मी बी तुले एक सांगतो. त्या दिवशी डॉक्टरनं विचारलं ना, तुम्ही आई का? मी पटकन नाई म्हटलं नाई. तुले वाटलं असन मी गडबडली. गडबडली नव्हती. मले ते ऐकून बरं वाटलं होतं. आजून थोडं ऐकावं वाटलं."

मी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

"तू सकाळी तयार होऊन जाते. लोक मॅडम मॅडम करते. मी बारावीत होती तं माझं लग्न झालं. मले कोणी कधी म्हटलं, बढिया केलं? अन् तुझी पोरगी. दिवसभर मी खाऊ घालतो, मी झोपवतो, हगलं-मुतलं मी काढतो. अन् साडेपाचले तुझ्या स्कूटीचा आवाज आला का मले सोडून अशी पळते, अशी पळते, जशी मी दिवसभर तिले बांधून ठेवली होती. रोज, प्रीती. दर रोज. मले का बरं वाटत असन?"

ईशू दारापर्यंत धावत येते, हे मला माहीत होतं. स्कूटीवरून उतरताना मी रोज ते पाहत होते. तिच्यामागं, आत, कोण उभं असतं ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुनं सांगितलं का?"

आम्ही दोघीही हसलो नाही. रडलोही नाही. त्यांनी पिशवीतून तो स्टीलचा डबा काढला. "घे. आता हातात धर. झाकण काढ. बोट इथं. मान अशी. दाबू नोको, औषध वाया जाईन, नुसतं धरून पाय." मी धरून पाहिलं. त्यांनी मला ते पाच वेळा करायला लावलं, माझ्या वर्गातल्या कच्च्या पोरांना मी पाढे म्हणायला लावते तसं.

त्यानंतर

झटका लांबला म्हणून नागपूरला एकदा दाखवून आणलं. तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. आमच्या डॉक्टरांनी पुन्हा समजावलं आणि या वेळी मी पूर्ण ऐकलं. घरात आता दोन स्प्रे आहेत. एक फळीवर, एक माझ्या पर्समध्ये. सासूबाईंनाही आम्ही शिकवलं. त्या आता आलेल्या बाईला ती जुनी गोष्ट सांगतात, पण शेवटी चमच्याचंही सांगतात, "मी चमचा आणला होता, थे गलत होतं."

शौर्यच्या बाबतीतला राग मीनाताईंच्या मनात खरंच काही दिवस राहिला. त्या माझ्याशी बोलत, पण मी शौर्यला जवळ घेतलं की पाहत असत. मी ते सहन केलं. ते माझंच होतं. पुढं कधीतरी त्यांनी पाहणं सोडलं.

तिसरा झटका मागच्या थंडीत आला. मी शाळेत होते. फोनवर मीनाताई म्हणाल्या, "आला होता, तीन मिनिटांत गेला, आता झोपली, तू सावकाश ये." मी सावकाश गेले नाही, पण पोचले तेव्हा ईशू त्यांच्या मांडीवर झोपलेली होती. तेव्हा मला जळल्यासारखं झालं का? झालं. आता मी ते नाकारत नाही. "ताई, द्या इकडं, माझी पाळी," मी म्हटलं आणि त्यांनी दिली.

ज्या आया हे वाचत असतील त्यांना माझं सांगणं एवढंच की पोराला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घट्ट धरून दाबू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटं झाली की औषध आणि दवाखाना. औषध असं ठेवा की घरातल्या प्रत्येकाचा हात पोचेल. आणि तुमच्या घरात तुमच्याहून चांगलं सांभाळणारी कोणी असेल, तर तिच्यावर खुशाल जळा, पण तिच्याकडून शिकून घ्या. पहिल्या वेळी पळून गेला असाल तर त्याचंही इतकं मनाला लावून घेऊ नका. पोर ते लक्षात ठेवत नाही. ते आपल्याच लक्षात राहतं.

ईशू आता साडेचार वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिला पुन्हा ताप आला. सकाळची वेळ, मी रजा टाकलेली. ती पलंगावर, एका बाजूला मी कपाळावर ओली घडी घेऊन, दुसऱ्या बाजूला मीनाताई पेजेची वाटी घेऊन. दोघींची नजर घड्याळावर. ताप एकशेदोनच्या वर गेला, मग उतरू लागला. काहीच झालं नाही. अकराच्या सुमारास तिनं डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं. मग मीनाताईंकडं. आम्ही दोघीही पुढं झुकलो.

"पप्पा पाहिजे," ती म्हणाली.

अमोल अंगणात गाडी पुसत होता. हाक ऐकून फडकं तसंच खांद्यावर टाकून आत आला आणि विचारू लागला, "काय झालं?" ईशूनं दोन्ही हात वर केले. त्यानं तिला उचललं आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून त्याच्यासोबत गाडी पाहायला बाहेर गेली.

माझ्या हातात ओली घडी होती, मीनाताईंच्या हातात वाटी. त्यांनी वाटीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"घे," त्या म्हणाल्या. "आता दोघी मिळून जळू."